पाणी देणं वेगळं, टेम्परिंग वेगळं

घरी सुऱ्या बनवणाऱ्यांच्या तोंडून एक वाक्य वरचेवर ऐकू येतं : "ग्राइंडरवर धार निळी पडली होती, पण लगेच पाण्यात बुडवली, त्यामुळे परत कडक झाली." झालेली नसते. जिथे ती निळी पडली तिथे ती मऊ झाली आणि मऊच राहिली. पाणी देणं (लाल तापवून झटकन गार करून पोलाद कडक करणं) आणि टेम्परिंग (कडक झालेलं पातं मंद आचेवर तापवून ठिसूळपणा कमी करणं) यांची गल्लत झाली की हा समज पक्का होतो आणि चांगलं पातं वाया जातं.

पाणी देण्याबद्दल फार सांगायला नको, तो भाग सगळे आवडीने वाचतात. १०८४ हे सुऱ्यांसाठी वापरलं जाणारं साधं कार्बन पोलाद साधारण ८०० ते ८१५ अंश सेल्सिअसला न्यायचं आणि तेलात बुडवायचं. लोहचुंबक चिकटेनासं होतं ते ७७० अंशांच्या आसपास, म्हणजे त्यानंतरही थोडी आच लागते. तेल कोणतं यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. या पोलादाला कोमट खाद्यतेलही चालतं. वरची खपली काढल्यावर कानस पात्याला न चावता घसरली की पाणी चढलं. पातं आता अतिशय कडक आहे आणि काचेइतकं ठिसूळही. हातातून फरशीवर पडलं तर दोन तुकडे होऊ शकतात.

इथून पुढे टेम्परिंग. तेच पातं, शक्यतो त्याच दिवशी, सुमारे २०० अंशांना दोन तास ठेवायचं, गार होऊ द्यायचं आणि पुन्हा दोन तास ठेवायचं. पाणी देताना पोलादाच्या रचनेत कार्बन जबरदस्तीने अडकलेला असतो. मंद आचेवर त्यातला काही अगदी बारीक कणांच्या रूपात बाहेर पडतो आणि आतला ताण उतरतो. कडकपणा थोडा कमी होतो, चिवटपणा बराच वाढतो. दुसरी फेरी टाळू नका. पहिल्या फेरीनंतर गार होताना, पाणी देताना न बदलता उरलेल्या रचनेचा काही भाग नव्याने कडक आणि ठिसूळ होऊ शकतो, त्यालाही टेम्पर करावं लागतं.

खरा फरक थंड होण्यात आहे. पाणी देताना सगळी मदार झटकन थंड होण्यावर असते, पण ते ८०० अंशांवरून. टेम्परिंगमध्ये पातं किती तापलं आणि किती वेळ तापलं एवढंच मोजलं जातं. नंतर हवेत गार करा नाहीतर पाण्यात, कडकपणात फरक पडत नाही. धार निळी पडते ती ३०० अंशांच्या आसपास. म्हणजे ग्राइंडरने तिथे नको इतकं टेम्परिंग करून ठेवलेलं असतं. पाण्यात बुडवल्याने ते पुढे सरकायचं थांबतं, झालेलं मागे फिरत नाही. बुडवायचं ते रंग येण्याआधी. पाणी दिलेलं पातं मी उघड्या हातानेच घासतो. बोटाला चटका बसायच्या आत ते बादलीत जातं.

निळा डाग पॉलिश पेपरने पुसून "आता ठीक झालं" म्हणणाऱ्यांची मला सर्वांत जास्त चीड येते. रंग म्हणजे पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा पातळ थर. तो गेला तरी खालचं पोलाद मऊच असतं. याच कारणाने टेम्परिंगमध्ये येणारा गवती पिवळा रंग कडकपणाचा पुरावा नव्हे. पाणी न चढणारी साधी लोखंडी पट्टी घासून २०० अंशांवर तापवा, तीही पिवळी पडेल. गॅस टॉर्चच्या ज्योतीने रंग बघत टेम्परिंग करण्याच्या मी विरोधात आहे. टोक आणि धार पातळ, ती जाड पाठीआधी तापून जातात. ओव्हन वापरा, वाळूच्या ट्रेमध्ये पातं पुरा आणि आत वेगळा थर्मामीटर ठेवा, कारण ओव्हनच्या बटणावरचा आकडा बरेचदा चुकीचा असतो.

दगडावर धार लावताना दोन्ही चुका ओळखू येतात. मऊ पडलेल्या जागी धारेवरचा बर (घासताना कडेला उठणारी धातूची बारीक किनार) तुटत नाही, नुसता या बाजूकडून त्या बाजूला लोळतो, आणि दोष दगडाला दिला जातो. टेम्परिंग अपुरं असेल तर बर सहज निघतो, पण भिंगाखाली धारेला बारीक खाचा दिसतात. दुसऱ्यावर उपाय सोपा : १०-१५ अंश वाढवून पुन्हा ओव्हन. पहिल्यावर, डाग धारेलगतच असेल तर हलक्या हाताने, पाण्यात बुडवत तेवढं पोलाद घासून काढा. आत खोलवर गेला असेल तर मूठ उतरवून पातं पुन्हा भट्टीत.