ब्रॅकिओपॉड जीवाश्मांचा नवा वंश

ब्रॅकिओपोडा संघातील काही जीवाश्म आधी नोंदलेल्या कोणत्याही वंशात (जवळच्या जातींच्या गटात) बसत नाहीत असे दाखवून त्यांचे वर्णन, नामकरण व वर्गीकरण करण्याची शास्त्रीय रीत. ब्रॅकिओपॉड हे दोन झडपांचे कवच असलेले सागरी प्राणी. दिसायला शिंपल्यासारखे, पण शिंपल्याच्या झडपा डावी-उजवी असतात, यांच्या पाठीकडची व पोटाकडची. कँब्रियन काळापासून त्यांचे अवशेष सापडतात. सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियनच्या अखेरीस, त्यांचे बहुतेक गट नष्ट झाले. आज सुमारे ४०० जाती जिवंत आहेत, तर जीवाश्म जाती १२,००० हून अधिक वर्णिल्या गेल्या आहेत. साहजिकच वर्गीकरणाचा बहुतेक भार कवचावर पडतो.

हे कवच बाहेरून फसवे असते. आकार, बरगड्या, बिजागरीजवळच्या टोकदार चोचीचा बाक, झडपेच्या मधली घडी व खोलगट पन्हळ ही लक्षणे परस्परांशी दूरचे नाते असलेल्या गटांत स्वतंत्रपणे पुन्हापुन्हा उद्भवली आहेत. एकोणिसाव्या शतकात ‘ऱ्हिंकोनेला’ आणि ‘टेरेब्राट्युला’ या दोन नावांखाली असंख्य जाती कोंबल्या गेल्या त्या यामुळेच. पुढे ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ एस. एस. बकमन यांनी स्नायूंच्या खुणांसारख्या आतील लक्षणांवर भर देऊन त्यांचे अनेक वंशांत विभाजन केले. कच्छच्या जुरासिक खडकांतील जातींवर आधारलेला ‘कच्छिथायरिस’ हा त्यांपैकीच एक.

तेव्हा नव्या वंशाचा दावा टिकतो तो कवचाच्या आतील रचनेवर: बिजागरीचे दात व खाचा, दातांना आधार देणाऱ्या पट्ट्या, मधला पडदा आणि अन्न गाळणाऱ्या लोफोफोरला पेलणारा चुनखडी सांगाडा. ब्रॅकिओपॉडांच्या गणांपैकी ऱ्हिंकोनेलिडांत हा आधार आखूड दांड्यांपुरता असतो, टेरेब्राट्युलिडांत फासासारखा, स्पिरिफेरिडांत मळसूत्री. कवच खडकाने गच्च भरलेले असल्यास ते चोचीकडून थोडेथोडे घासत प्रत्येक छेदाचे चित्र घेतात. यात नमुना नष्ट होतो, म्हणून त्याचा साचा व छायाचित्रे आधीच घ्यावी लागतात. सूक्ष्म सीटी स्कॅनने ही नासधूस टळते, मात्र कवच व भराव यांची घनता सारखीच असेल तर प्रतिमेत काही दिसत नाही. कवचाचे सिलिकाभवन झालेले असणे, म्हणजे त्यातील चुन्याची जागा आम्लात न विरघळणाऱ्या सिलिकाने घेतलेली असणे, हे अभ्यासकाचे खरे भाग्य. टेक्सासच्या ग्लास पर्वतातील पर्मियन चुनखडक आम्लात विरघळवून कूपर व ग्रँट या अभ्यासकांनी नाजूक काट्यांसकट कवचे मिळवली.

वयाचाही विचार करावा लागतो. काही गटांत फासाचा आकार वाढीबरोबर बदलत जातो, त्यामुळे पिल्लाचे कवच वेगळ्या वंशाचे भासू शकते. वाढीच्या सर्व अवस्थांचे नमुने हाती नसताना एकुलत्या एका कवचावर वंश उभारणे कितीही मोहक वाटले तरी धोक्याचेच.

नामकरण प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार होते. १९३० नंतरच्या प्रत्येक नव्या वंशनामासोबत त्याला इतरांपासून वेगळे करणारे वर्णन व ठरवलेली प्ररूप जाती आवश्यक असते. प्ररूप जाती हा वंशाचा खुंटा आहे. पुढे इतर जाती काढल्या किंवा घातल्या तरी नाव तिच्याबरोबरच राहते. ती जातीही नवी असल्यास तिचा प्ररूप नमुना (जातीचे नाव ज्याला जोडलेले असते तो नमुना) नेमून शक्यतो सार्वजनिक संग्रहालयात ठेवतात. वंशनाम संपूर्ण प्राणिसृष्टीत एकमेव असावे लागते. एखाद्या कीटकाने ते आधीच घेतले असेल तर बदलावे लागते. केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रकाशित होणाऱ्या नावांना २०१२ पासून झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी बंधनकारक आहे.

कुल व गण ठरवताना कवचातील सूक्ष्म छिद्रेही पाहतात: टेरेब्राट्युलिडांत ती असतात, बहुतेक ऱ्हिंकोनेलिडांत नसतात. कोणते लक्षण वंशाच्या पातळीचे आणि कोणते केवळ जातीच्या, याला मात्र ठरीव मोजमाप नाही. बरगड्यांची संख्या एका गटात क्षुल्लक ठरते, तर दुसऱ्यात निर्णायक. परिणामी एकाने स्थापलेला वंश दुसरा अभ्यासक जुन्या वंशाचेच दुसरे, समानार्थी नाव ठरवतो, आणि मग आधी प्रकाशित झालेले नाव सामान्यतः ग्राह्य धरले जाते.