अश्रुपिशवीच्या ऑपरेशनने नजर जात नाही

‘नाकाजवळची पिशवी कापली की नजर अधू होते, आणि पाणी तर गळतंच राहतं.’ हे ऐकून कितीतरी माणसं वर्षानुवर्षं डोळे पुसत बसतात, याचं फार वाईट वाटतं. नजरेची भीती निराधार आहे. डीसीआर या अश्रुपिशवीच्या ऑपरेशनमध्ये बुबुळाला हातही लावत नाहीत. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी अश्रुपिशवी असते. तिच्यातून अश्रू एका नळीने नाकात उतरतात; ही नळी बंद झाली की डोळा गळतो आणि पिशवीत पू साचू शकतो. डीसीआरमध्ये पिशवीलगतचं थोडं हाड काढून ती थेट नाकात उघडतात. बंद नळी तशीच राहते, अश्रूंना नवी वाट मिळते.

पाणी गळण्याचा समज मात्र हवेतून आलेला नाही. डीसीटी या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये पिशवीच काढून टाकतात. पू थांबतो, पाणी राहतं. लोकांनी दोन्ही एकच धरली. इटलीचे डॉक्टर तोती यांनी डीसीआर १९०४ मध्ये मांडलं. आता ते दुर्बिणीने नाकातूनही होतं, चेहऱ्यावर व्रण राहत नाही.

नजरेला धोका आहे तो पिशवीत पू तसाच ठेवण्यात. कोपरा दाबल्यावर पू येत असताना मोतीबिंदू काढला, तर जंतू डोळ्यात शिरू शकतात. म्हणूनच अनेक सर्जन आधी बारीक सुईने नळीत पाणी सोडून ते घशात उतरतं का, हे पाहतात.