दगडाची चव वाइनमध्ये उतरते का?

सिसिलीच्या पूर्वेला सतत धुमसणारा एटना उभा आहे, तीन हजार मीटरांहून उंच. त्याच्या पूर्व उतारावर मिलो नावाचं गाव आहे. तिथल्या काळ्या, भुसभुशीत मातीत कारिकांते या पांढऱ्या द्राक्षाच्या बागा आहेत. ही वाइन पिणारे हमखास सांगतात की तिला लाव्ह्याची चव आहे. उत्तर इटलीतल्या व्हेरोनाजवळच्या सोआवे वाइनमध्ये कुणाला बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा काळा खडक लागतो, तर दक्षिणेकडच्या ग्रेको दी तुफो या वाइनमध्ये गंधक. तुफो गावात गंधकाच्या खाणी होत्या हे खरंच. पण खाणीतलं गंधक मुळांवाटे चढून पेल्यात येत नाही.

वेल दगड शोषत नाही. ती पाण्यात विरघळलेले क्षार घेते आणि पोटॅशियम सोडलं तर वाइनमध्ये त्यांचं प्रमाण नगण्य असतं. बेसॉल्टला स्वतःचा वास नाही की चव नाही. वेल्समधले भूवैज्ञानिक अ‍ॅलेक्स माल्टमन हे वर्षानुवर्षं मांडत आले आहेत आणि मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं.

मग जिभेला लागतं ते काय? मुख्यतः आम्ल. एक काळं द्राक्ष दोन बोटांत दाबून पाहा. रस जवळजवळ बिनरंगी निघतो, कारण रंग सालीत असतो, आणि वाइनला तुरटपणाही साल अन् बियांतूनच येतो. पांढऱ्या वाइनसाठी बहुधा रस लगेच पिळून वेगळा काढतात आणि साल न ठेवता आंबवतात. तुरटपणाचा पडदा नसल्यामुळे आम्ल थेट जिभेवर येतं.

द्राक्षात दोन आम्लं महत्त्वाची: चिंचेतलं टार्टारिक आणि हिरव्या सफरचंदातलं मॅलिक. मण्यात पाणी उतरलं, म्हणजे तो मऊ पडून पिकू लागला, की साखर भरू लागते आणि मॅलिक घटू लागतं. मणी श्वसन करतो तेव्हा तेच जाळतो. हवा जितकी गरम, तितकं ते जळणं वेगात. टार्टारिक मात्र बरंचसं टिकून राहतं. मिलोच्या बागा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरांच्या आसपास आणि त्याहून वर आहेत. तिथल्या थंड रात्री हे श्वसन मंदावतं. कारिकांते मुळातच आंबट आणि उशिरा पिकणारं, तोडणी ऑक्टोबरात. दक्षिणेच्या उन्हात इतकी धारदार वाइन होते ती अशी.

याचा अर्थ माती बिनमहत्त्वाची असं नाही. ज्वालामुखीच्या रेताड मातीतून पाणी झटकन निचरतं, मुळं दलदलीत राहत नाहीत. शिवाय एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा किडीने युरोपभरच्या बागा उद्ध्वस्त केल्या, पण ती रेतीत टिकाव धरत नाही. इतरत्र या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी वेलींच्या खुंटांवर कलमं बांधावी लागली. एटनावर मात्र शंभरी ओलांडलेल्या, स्वतःच्याच मुळांवरच्या वेली आजही फळतात. आपल्याकडे डॉगरिज हा अमेरिकी खुंट लावतात तो प्रामुख्याने पाणीटंचाई आणि क्षारपड जमिनीमुळे.

सोआवेचं द्राक्ष गार्गानेगा, आणि तिथल्या बागा पाहून नाशिककराला ओळखीचं वाटेल, कारण तेही वेल मांडवावर चढवतात. पूर्वेकडच्या टेकड्या बेसॉल्टच्या, पश्चिमेकडे चुनखडी. आपल्या सह्याद्रीचा खडकही बेसॉल्टच. पण गार्गानेगा शरद ऋतूत पिकतं, दिवसेंदिवस थंड होत जाणाऱ्या हवेत. नाशिकला फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणी होते तेव्हा ऊन चढत असतं आणि मॅलिक झपाट्याने जळत असतं. खडक एकाच जातीचा असूनही दोन्हीकडची वाइन वेगळी. चव दगडातून आली असती तर असं झालं नसतं.

पांतेल्लेरिया हे बेट सिसिलीपेक्षा ट्युनिशियाला जवळ. तेही ज्वालामुखीचं, पण तिथे उन्हाळा भाजून काढतो आणि वारा थांबत नाही. शेतकरी जमिनीत उथळ खळगा करून त्यात एकेक वेल बुटकी वाढवतात. लागवडीच्या या रीतीला युनेस्कोने 2014 मध्ये वारसा म्हणून मान्यता दिली. द्राक्षाचं नाव झिबिब्बो, आलं आहे ते बेदाण्याच्या अरबी शब्दावरून. ऑगस्टमध्ये तोडलेले घड उन्हात पसरतात, मणी सुकून सुरकुततात, साखर आटून दाट होते आणि त्यातून पासितो ही गोड, सोनेरी वाइन तयार होते.