हाड जुळलं, त्यानंतरची वर्षं

परळच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात ऑर्थोपेडिकच्या ओपीडीबाहेर तासभर बसलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘हाड अजून धरत नाहीये.’ बोलणाऱ्याच्या काखेत कुबडी असते, मांडीवर एक्स-रेचं पिवळं पाकीट असतं आणि पाकिटावर सहा-सात तारखा असतात. डॉक्टर याला नॉनयुनियन म्हणतात. फ्रॅक्चर होऊन नऊ महिने उलटले आणि शेवटच्या तीन महिन्यांत हाड जुळण्याच्या दिशेने काहीच हाललं नाही, तर ते नॉनयुनियन, अशी ढोबळ व्याख्या आहे. पण ते हाड अखेर जुळतं, त्यानंतर त्या माणसाचं काय होतं, हा प्रश्न वैद्यकाने विचारायला फार उशीर केला. मला सांगायचंय ते त्या उशिराबद्दल.

हाड किती दिवसांत जुळावं याचा हिशेब आपल्याकडे जुना आहे. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडाला तरुणपणी एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि म्हातारपणी तिप्पट वेळ लागतो असं म्हटलंय. कमी खाणाऱ्याचं हाड कष्टाने जुळतं, हेही तिथे आहे. बांबूच्या कामट्या आणि झाडाची साल बांधायची पद्धतही त्यात सापडते, आणि गावोगावच्या हाडवैद्यांनी ती आजतागायत चालवली आहे. युरोपात १८५२ साली मथायसन या डच लष्करी डॉक्टरने प्लॅस्टरची पट्टी आणली. १८९५ साली राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि तिथून निकाल एक्स-रेच्या हाती गेला. फिल्मवर फट दिसेनाशी झाली की पेशंट बरा.

जुन्या काळी कातडी फाटून बाहेर आलेल्या हाडाचा शेवट बहुतेकदा पाय कापण्यात किंवा मृत्यूत व्हायचा. जंतुनाशकं आली, मग पेनिसिलिन आलं, १९३९ साली कुन्चरने जर्मनीत हाडाच्या पोकळीत सळी घातली, १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये एओ हा सर्जनांचा गट उभा राहिला आणि हाडाला लावायच्या धातूच्या पट्ट्या-स्क्रूंना शिस्त आली. पाय वाचू लागले. पण वाचलेल्या पायांपैकी काही जुळेनात. नडगीचं हाड यात सगळ्यात हट्टी. पुढच्या बाजूला त्याच्यावर फक्त कातडी, मांस नाही, आणि खालच्या तिसऱ्या भागात रक्तपुरवठा मुळातच तोकडा. त्यात जंतुसंसर्ग, मधुमेह किंवा विडी-सिगारेट आली की महिन्यांची वर्षं होतात.

या हट्टी हाडावरचा मोठा तोडगा निघाला सायबेरियातल्या कुर्गान शहरात. गाव्रिल इलिझारोव्ह हे डॉक्टर १९५० च्या दशकापासून तिथे पायाभोवती पोलादी रिंगा लावून, हाडातून आरपार ताणलेल्या तारा घालून काम करत होते. हाड संथपणे, दिवसाला एक मिलिमीटर ताणलं तर मधल्या जागेत नवं हाड तयार होतं, हे त्यांना दिसलं. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमधला उंच उडीचा विजेता व्हालेरी ब्रुमेल पुढच्याच वर्षी मोटरसायकलवरून पडला. त्याचा पाय अनेक ऑपरेशनांनंतर त्यांच्याकडे आला आणि तो पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारू शकला. तरी पश्चिमेला खबर नव्हती. १९८० मध्ये इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी वर्षानुवर्षांचा दुखरा पाय घेऊन कुर्गानला गेला आणि बरा होऊन परतला. इटलीतल्या डॉक्टरांनी त्याचा पाय पाहिला आणि १९८१ मध्ये इलिझारोव्हना बोलावून घेतलं. मग ही पद्धत जगभर गेली, आपल्याकडेही आली.

आमच्या घरात ती १९९५ साली आली. लालबागला भारतमाताच्या सिग्नलपाशी काकांना टेम्पोने उडवलं. आधी प्लॅस्टर, मग रॉड, वर्षाच्या आसपास काहीच नाही, मग रिंगा. दिवसाला एक मिलिमीटर म्हणजे पाव-पाव मिलिमीटर चार वेळा. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. काकू पान्याने नट फिरवायची आणि भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये त्या दिवसाच्या चौकोनात बारीक रेघ मारायची. चार रेघा झाल्या की दिवस संपला. तारा कातडीत शिरतात त्या जागा ती रोज उकळून गार केलेल्या पाण्याने पुसायची, तरी दोनदा पू झालाच. अकरा महिने रिंगा होत्या. त्या काढल्यावर डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि म्हणाले, ‘छान जुळलंय.’ खरंच छान जुळलं होतं, आणि त्यांचे उपकार आम्ही विसरलेलो नाही.

पण घोटा आखडला होता. चाळीतल्या सामाईक संडासात उकिडवं बसता येईना. सुताराकडून मधे भोक पाडलेलं स्टूल करून घेतलं आणि काका ते रोज सकाळी रांगेत सोबत नेत. पंगतीला बसणं संपलं, छापखान्यातलं उभ्याचं काम सुटलं. गाडीत चढताना डावा पाय आधी टाकायची सवय मोडून उजवा टाकायला शिकायचं, तेही दादरच्या गर्दीत.

कामगारांच्या सरकारी विमा योजनेने, म्हणजे ईएसआयने, हे दुखणं लांबतं, हे तरी ओळखलं होतं. १९४८ च्या कायद्याने आलेली आणि १९५२ मध्ये कानपूर-दिल्लीत सुरू झालेली ईएसआय नेहमीच्या आजारात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के देते. ९१ दिवस म्हणजे तीनच महिने, आणि नॉनयुनियन ठरायलाच नऊ लागतात! म्हणून क्षयरोग, कर्करोगासारख्या दीर्घ आजारांच्या यादीत न जुळलेलं किंवा उशिरा जुळणारं फ्रॅक्चरही आहे. नोकरीची अट पुरी करणाऱ्याला त्यात ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो. हे माहीत नसलेले कितीतरी कामगार आजही उधारीवर दिवस काढतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

पेशंटलाच विचारायची रीत रुळली ती १९९० च्या दशकात. तब्येतीबद्दलच्या छत्तीस प्रश्नांची एसएफ-३६ ही प्रश्नावली आली, आणि पाच प्रश्नांची ईक्यू-५डी: चालणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, वेदना, चिंता किंवा उदासी. या प्रश्नावल्या हातात घेऊन नॉनयुनियनच्या पेशंटना विचारलं तेव्हा जे निघालं त्याने सर्जनही चपापले. २०१३ मध्ये अमेरिकेत छापलेल्या एका अभ्यासात नडगीच्या नॉनयुनियनचा शारीरिक आरोग्यावरचा बोजा हृदय निकामी होण्याच्या आजारापेक्षाही जड भरला. आणि हाड जुळल्यावर आकडे सुधारतात, पण अनेकांचे धडधाकट माणसाच्या पातळीवर परतत नाहीत. दुखणं उरतं, झोप तुटते, पुन्हा पडू ही भीती राहते.

या प्रश्नावल्या मला मोलाच्या वाटतात, पण त्या आपल्या घरांकडे बघून बनलेल्या नाहीत. जमिनीवर मांडी घालता येते का, उकिडवं बसता येतं का, लिफ्ट नसलेल्या चाळीचे दोन जिने दिवसातून किती वेळा जमतात, सकाळी साडेआठच्या फास्ट गाडीत शिरता येतं का, हे मुंबईच्या ओपीडीत कागदावर आलं पाहिजे, आणि ऑपरेशनच्या आधीच. घोटा आणि गुडघा हलता ठेवण्याचा व्यायाम रिंगा पायात असतानाच सुरू व्हायला हवा. हाजीअलीला १९५५ पासून पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था उभी आहे, म्हणजे शहराला ही विद्या परकी नाही.

माझी बहीण फिजिओथेरपी शिकत असताना तिने काकांना ते पाच प्रश्न विचारले होते. रिंगा निघून तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. चालण्याच्या प्रश्नावर ते म्हणाले, ‘काही त्रास नाही, लिही.’ तिने लिहिलं. मग थोड्या वेळाने म्हणाले, विसर्जनाला चौपाटीपर्यंत चालत जायचो, ते मात्र भायखळ्याच्या पुलापाशी थांबतं.