पहिलं सिंगल (ब्रिटिश इंडी गिटार बँड)

ब्रिटनमधे नवा इंडी (म्हणजे इंडिपेंडंट, मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या बाहेरचा) गिटार बँड येतो तो एक गाणं घेऊन. अल्बम नंतर, बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांनी. हे गाणं साधारण तीन-साडेतीन मिनिटांचं असतं, दोन गिटार, बेस, ड्रम आणि एक गाणारा किंवा गाणारी, आणि शक्यतो असं की पहिल्या अर्ध्या मिनिटातच ऐकणाऱ्याने हातातलं काम थांबवून विचारावं, हे कोण? यालाच पहिलं सिंगल किंवा डेब्यू सिंगल म्हणतात. पूर्वी ते सात इंची तबकडीवर यायचं, मिनिटाला ४५ फेरे, एका बाजूला मुख्य गाणं आणि मागे बी साईड. आता आधी स्ट्रीमिंगवर येतं आणि तबकडी काढलीच तर हौसेखातर, थोड्याच प्रती. यातून पैसे सुटत नाहीत आणि सुटावेत अशी फारशी अपेक्षाही नसते. स्थळाकडे पाठवायच्या बायोडेटासारखं आहे हे, लग्न त्यावर ठरत नाही पण तो गेल्याशिवाय पुढची बैठकच होत नाही. इथे पुढची बैठक म्हणजे रेडिओवर गाणं लागणं, मोठ्या बँडच्या आधी अर्धा तास वाजवायला मिळणं, मग लेबलवाल्यांचा, म्हणजे रेकॉर्ड कंपनीवाल्यांचा, फोन.

बँड एका रात्रीत मोठा झाला असं सगळीकडे लिहिलेलं असतं, त्यावर फार विश्वास ठेवू नये. गाजलेलं कुठलंही पहिलं सिंगल घ्या, त्याच्या मागे तीन-चार माणसं सापडतातच: कोणीतरी उसने पैसे दिलेले असतात, एक दुकानदार असतो, एक रेडिओवाला असतो, आणि एखाद्या पबमधे नवख्या पोरांचे गिग (लाईव्ह कार्यक्रम) लावणारा असतो. पन्नास वर्षांत तंत्र पार बदललं, ही माणसं मात्र अजून तिथेच आहेत.

५०० पौंड आणि एक दिवस

या प्रकाराची सुरुवात सांगायची तर बझकॉक्स या बँडपासून सांगावी लागते. बोल्टनच्या कॉलेजात जमलेली ही पोरं २८ डिसेंबर १९७६ ला मँचेस्टरच्या इंडिगो साउंड स्टुडिओत गेली, चार गाणी वाजवली, मिक्सिंगसकट सगळं काही तासांत आटोपलं. प्रोड्युसर होता मार्टिन हॅनेट, जो पुढे जॉय डिव्हिजन या बँडच्या अल्बममुळे सगळ्यांना माहीत झाला. ५०० पौंड मित्रांकडून आणि घरच्यांकडून उसने घेतलेले. लेबलही स्वतःचंच काढलं, न्यू हॉर्मोन्स, आणि २९ जानेवारी १९७७ ला 'स्पायरल स्क्रॅच' बाहेर पडलं. काटेकोर बोलायचं तर हे चार गाण्यांचं ईपी, म्हणजे सिंगलपेक्षा मोठं आणि अल्बमपेक्षा लहान रेकॉर्ड, पण काम त्याने पहिल्या सिंगलचंच केलं. पहिली खेप १,००० प्रतींची होती, ती संपली, मग परत छापत गेले आणि आकडा १६,००० पर्यंत गेला.

कव्हर बघण्यासारखं आहे. पुढे मॅनेजर रिचर्ड बूनने पोलरॉइड कॅमेऱ्यावर काढलेला फोटो, आणि मागे प्रत्येक गाण्यासमोर छापलंय की हा कितवा टेक (वाजवायचा प्रयत्न) आहे आणि नंतर वरून काही वाजवून जोडलंय की नाही. म्हणजे विकत घेणाऱ्या पोराला सरळ कळतं की यात जादू काही नाही, एवढंच केलंय. पुढे १९७८ मधे लंडनच्या स्क्रिटी पॉलिटीने तर पहिल्या सिंगलच्या कव्हरवर सगळा जमाखर्चच छापला, रेकॉर्डिंगला किती, मास्टरिंगला किती, तबकड्या दाबायला किती, लेबलं छापायला किती, की वाचणाऱ्याने आपला हिशोब मांडावा आणि कामाला लागावं. (बझकॉक्सचा गायक हॉवर्ड डिव्होटो रेकॉर्ड आल्यावर थोड्याच दिवसांत बँड सोडून गेला, पीट शेली गायला लागला, आणि चार्टमधली (खपाच्या क्रमवारीतली) त्यांची बहुतेक गाणी डिव्होटो गेल्यानंतरची.)

दुकान

तबकडी छापणं सोपं, ती गावोगावच्या दुकानात पोचवणं अवघड. मोठ्या कंपन्यांच्या गाड्या, गोदामं, सेल्समन, हे सगळं त्यांच्याच मालासाठी. इथे ज्यॉफ ट्रॅव्हिसचं रफ ट्रेड हे दुकान आडवं आलं, चांगल्या अर्थाने. पश्चिम लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्ह भागात १९७६ मधे उघडलेलं हे दुकान घरगुती सिंगल्स घ्यायचं, दुसऱ्या दुकानांना पाठवायचं, आणि पुढे देशभरातल्या अशाच दुकानांबरोबर मिळून 'द कार्टेल' नावाचं वितरणाचं जाळं उभं राहिलं. १९७८ पासून रफ ट्रेड स्वतःही रेकॉर्ड काढायला लागलं. १९८३ मधे मँचेस्टरहून जॉनी मार आणि अँडी रुर्क टेप घेऊन थेट ट्रॅव्हिससमोर उभे राहिले, आणि मे महिन्यात द स्मिथ्सचं पहिलं सिंगल 'हँड इन ग्लव्ह' रफ ट्रेडवर आलं. मुख्य चार्टच्या वरच्या भागात ते कुठेच दिसलं नाही, इंडी चार्टमधे मात्र ठाण मांडून बसलं, आणि त्याच वर्षीचं पुढचं सिंगल मुख्य चार्टमधे २५ व्या नंबरपर्यंत गेलं. पहिलं सिंगल पडलं म्हणजे बँड पडला असं नसतं ते असं.

इंडी चार्ट जानेवारी १९८० मधे सुरू झाला आणि त्याचा नियम एकच, रेकॉर्ड मोठ्या कंपन्यांच्या वितरणातून आलेली नसावी. गाणं कसं वाजतं याच्याशी काही संबंध नाही. त्यामुळे १९८० च्या दशकाच्या शेवटी कायली मिनोगचं चकाचक डान्स पॉप इंडी चार्टच्या टॉपला, कारण तिच्या लेबलचं वितरण स्वतंत्र होतं. गिटारवाल्यांची तेव्हा काय चिडचिड झाली असेल कल्पना करा.

रेडिओ

जॉन पील हे नाव टाळून हा विषय लिहिताच येत नाही. बीबीसी रेडिओ १ वर १९६७ पासून २००४ मधे मरेपर्यंत हा माणूस रात्री बसून अनोळखी बँडच्या तबकड्या लावत होता, कधीकधी चुकीच्या स्पीडवर. सप्टेंबर १९७८ मधे उत्तर आयर्लंडमधल्या डेरीच्या द अंडरटोन्सचं पहिलं रेकॉर्ड त्याच्याकडे आलं, बेलफास्टमधे रेकॉर्डचं दुकान चालवणाऱ्या टेरी हूलीच्या गुड व्हायब्रेशन्स लेबलने काढलेलं, आणि पीलने त्यातलं 'टीनएज किक्स' लागोपाठ दोनदा लावलं. असं रेडिओवर कोणी करत नाही. अमेरिकेच्या साइर रेकॉर्ड्सने लगेच बँडला करारबद्ध केलं. पीलच्या कार्यक्रमासाठी रेकॉर्ड होणाऱ्या पील सेशन्सही तेवढ्याच महत्त्वाच्या, बीबीसीच्या मेडा व्हेल स्टुडिओत एका दिवसात साधारण चार गाणी, कित्येक बँडना बरा स्टुडिओ पहिल्यांदा बघायला मिळाला तो तिथेच.

पीलची जागा एकट्याने कोणी घेतली नाही, ती वाटली गेली. स्टीव्ह लमॅकसारखे निवेदक, २००२ मधे सुरू झालेलं ६ म्युझिक (जे २०१० मधे बीबीसी बंद करायला निघाली होती, श्रोत्यांनी आरडाओरडा केला म्हणून वाचलं), आणि २००७ पासून बीबीसी इंट्रोड्यूसिंग. इथे कोणीही आपलं गाणं अपलोड करायचं, आपल्या भागातल्या बीबीसी स्टेशनवरचा माणूस ते ऐकतो, आवडलं तर लावतो, फारच आवडलं तर वर लंडनला सुचवतो. अल्गोरिदमच्या जमान्यात शेवटी एक माणूसच बसून ऐकतोय, हे मला तरी बरं वाटतं.

आशाताई आणि ४५ ची तबकडी

मराठी वाचकाने इथे थोडं थांबावं. १९९१ मधे लेस्टरमधे जमलेला कॉर्नरशॉप हा बँड, आघाडीवर तजिंदर सिंग आणि बेन एअर्स, नाव मुद्दाम घेतलेलं, कारण ब्रिटनमधे एशियन माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार हे ठरलेलंच होतं. १९९२ मधे यांनी द स्मिथ्सचा पूर्वीचा गायक मॉरिसी याचे फोटो त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या, ईएमआयच्या, ऑफिसबाहेर जाळले, त्याच्या वंशवादी वाटणाऱ्या चाळ्यांवर निषेध म्हणून. १९९३ चं पहिलं ईपी विजा लेबलवर आलं तेही करीच्या रंगाच्या तबकडीवर, म्हणजे टोमणा कुठेही सोडायचा नाही. आवाज खरखरीत, गिटार कशीबशी.

मग १९९७ मधे 'ब्रिमफुल ऑफ आशा'. हे काही त्यांचं पहिलं सिंगल नव्हे, पण बाकी दुनियेला बँड कळला तो यानेच. गाणं आशा भोसल्यांवर आहे, हिंदी सिनेमाच्या प्लेबॅकवर आहे, आणि त्याच वेळी सात इंची ४५ च्या तबकडीवरही आहे, लताबाई आणि रफी यांचीही नावं त्यात येतात. चार्टमधे ते जेमतेम ६० व्या नंबरला गेलं, पण पीलच्या श्रोत्यांनी त्या वर्षीच्या फेस्टिव्ह फिफ्टीत (श्रोत्यांच्या मतांवर ठरणाऱ्या वर्षाच्या यादीत) त्याला पहिलं निवडलं. नॉर्मन कुक (फॅटबॉय स्लिम) या डीजेने स्वतःहून रिमिक्स केला, स्पीड वाढवून, आणि फेब्रुवारी १९९८ मधे तो ब्रिटनमधे नंबर १ झाला. सांगलीच्या आशाताईंचं नाव ब्रिटिश चार्टच्या टॉपला गेलं ते एका इंडी गिटार बँडमुळे, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. रिमिक्स नाचायला ठीक, पण शांतपणे ऐकायचं तर मूळचंच.

फुकट सीडी ते धूर सोडणारं मशीन

शेफिल्डच्या आर्क्टिक मंकीजने गिगला येणाऱ्यांना डेमो सीडी फुकट वाटल्या, लोकांनी त्या इंटरनेटवर टाकल्या, आणि पोरं गावात यायच्या आधीच गावाला गाणी पाठ. मे २००५ मधे त्यांनी स्वतःच्या लेबलवर पहिलं रेकॉर्ड काढलं ते फक्त ५०० सीडी आणि १,००० तबकड्या एवढंच. मग डोमिनो लेबल, आणि ऑक्टोबर २००५ मधलं डोमिनोवरचं पहिलं सिंगल थेट नंबर १. जानेवारी २००६ च्या अल्बमने पहिल्या आठवड्यात ३,६३,००० च्या वर खप केला. इंटरनेटने बँड केला असं तेव्हा खूप लिहिलं गेलं, पण ज्यांनी गाणी चढवली ते आधी गिगला आलेले होते, हे विसरलं जातं.

लहान लेबलांचं काम शोधाशोध करण्याचं. सायमन विल्यम्स हा एनएमई साप्ताहिकाचा पत्रकार, त्याने १९९४ मधे फियर्स पांडा काढलं, एकेक सिंगल काढायचं आणि बँडला पुढे जाऊ द्यायचं. जानेवारी २०२५ मधे नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधे ज्यांच्या तिकिटांसाठी आपल्याकडे मारामार झाली त्या कोल्डप्लेचं १९९९ चं सिंगल या फियर्स पांडानेच काढलेलं. त्याच्या आदल्या वर्षी बँडने पदरचे पैसे घालून ५०० प्रतींचं ईपी काढलं होतं.

अलीकडचं सगळ्यात मजेशीर उदाहरण म्हणजे दक्षिण लंडनमधलं स्पीडी वंडरग्राउंड, प्रोड्युसर डॅन केरीने २०१३ मधे सुरू केलेलं. यांचे नियमच ठरलेले आहेत: गाणं एका दिवसात रेकॉर्ड करायचं, मिक्सिंगही लांबवायचं नाही, दिवे घालवून धूर सोडायचा आणि त्यात वाजवायचं, जेवणाची सुट्टी नाही, सात इंची तबकडी थोडक्याच प्रतींची. ब्लॅक मिडी, स्क्विड, ब्लॅक कंट्री न्यू रोड, सगळ्यांची सुरुवातीची सिंगल्स याच खोलीतून आली, आणि हे बँड वाजवायचे ब्रिक्स्टनच्या विंडमिल या छोट्याशा पबमधे, जिथे गिग लावणारा टिम पेरी बँड गाजायच्या कितीतरी आधी त्यांना बोलावतो.

वेट लेग

नियमाला अपवाद हवा तर हा. आईल ऑफ वाइट बेटावर, जिथून गिटार बँड निघतो असं सहसा ऐकू येत नाही, कॉलेजात भेटलेल्या रियान टीझडेल आणि हेस्टर चेंबर्स यांनी २०१९ मधे बँड काढला. आधी दोघी वेगवेगळं काहीबाही करून थकलेल्या, यावेळी फक्त मजेसाठी करायचं असं ठरलेलं. 'शेज लाँग' हे पहिलं सिंगल १५ जून २०२१ ला डोमिनोवर आलं. कोविडमुळे गिग जवळपास बंदच होते, त्यामुळे बँडला प्रत्यक्ष बघितलेले लोक मोजकेच. गाण्यात काय आहे? ठेक्यावर बोलल्यासारखी गाणारी एक सरळ चेहऱ्याची बाई, मधेच चावट विनोद, एकच बेसलाईन, आणि पाय पसरून बसायची ती लांब खुर्ची, जी हेस्टरच्या आजोबांची होती. व्हिडिओ साधासाच, लांब झगे आणि गवती टोप्या घालून दोघी. पोरींनी गांभीर्याचा आव आणला नाही आणि तेच लोकांना हवं होतं, निदान त्या घरात कोंडलेल्या वर्षात.

एप्रिल २०२२ चा अल्बम ब्रिटनमधे नंबर १, २०२३ मधे दोन ग्रॅमी, त्यातला एक याच सिंगलसाठी, आणि त्याच वर्षी दोन ब्रिट अवॉर्ड. काही लोक म्हणतात हे सगळं लेबलने घडवलेलं, इंडस्ट्री प्लांट वगैरे. लंडनचा द लास्ट डिनर पार्टी बँड एप्रिल २०२३ मधे आयलंड या लेबलवर पहिलं सिंगल घेऊन आला तेव्हाही हीच कुजबुज झाली, तो तर त्याआधी सिंगल न काढता लंडनच्या पबांमधे वाजवत होता. असे आरोप मुलींच्या बँडवरच जास्त का होतात हा प्रश्न विचारायला हवा.

जागा

सध्याची खरी अडचण गाणं काढण्याची नाहीच, ते लॅपटॉपवर होतं. अडचण वाजवायच्या जागेची आहे. म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट या संस्थेच्या हिशोबाने २०२३ या एका वर्षात १२५ छोट्या जागांवरचे लाईव्ह कार्यक्रम बंद पडले, भाडं, वीजबिल आणि महागाई यांच्या खाली दबून. बाथ शहरातलं १९७८ पासूनचं मोल्स हे ठिकाण त्याच वर्षी डिसेंबरमधे बंद झालं. तिकीट महाग करावं तर नवख्या बँडला कोण येणार, आणि स्वस्त ठेवावं तर साउंड इंजिनियरचेही पैसे निघत नाहीत. म्हणून आता स्टेडियम आणि मोठ्या हॉलच्या प्रत्येक तिकिटामागे एक पौंड छोट्या जागांसाठी काढावा अशी मागणी आहे. काही बँडनी वाट न बघता स्वतःच सुरुवात केली, आणि कोल्डप्लेने २०२५ च्या ब्रिटनमधल्या स्टेडियम शोच्या कमाईतला १० टक्के हिस्सा याच ट्रस्टला द्यायचं जाहीर केलं.