फिटच्या गोळ्यांचे दुष्परिणाम: मागचा इतिहास

सोलापूरच्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याला फिटची गोळी सुरू झाली की पहिली तक्रार गुंगीची. चालत्या मागापुढे गुंगी परवडत नाही. मग गोळी परस्पर बंद होते आणि फिट परत येते, कधी आधीपेक्षा जोरात. हा पेच या औषधांइतकाच जुना आहे.

१८५७ मध्ये लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडचा अनुभव मांडला. फिट कमी व्हायच्या, पण अंगावर पुरळ, सुस्ती, काहींना भ्रम. दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून तेच चाललं. १९१२ मध्ये हाउप्टमान यांनी फेनोबार्बिटोन आणलं, आपल्याकडच्या जुन्या रुग्णांचं ‘गार्डिनल’. स्वस्त म्हणून ते अजून टिकून आहे. झोप त्यानेही येतेच.

१९३८ मध्ये मेरिट आणि पुटनम यांचं फेनिटॉइन आलं, म्हणजे मेडिकलमधली ‘एप्टॉइन’. झोप फारशी न आणता फिट थांबली, ही तेव्हा मोठीच गोष्ट होती. लगेच पुढच्या वर्षी हिरड्या वाढल्याच्या नोंदी आल्या. खरी मेख वेगळीच होती. हे औषध पचवण्याची यकृताची एक मर्यादा असते. ती गाठली की डोस जरासा वाढला तरी रक्तातलं प्रमाण एकदम चढतं. तोल जातो, एकाचे दोन दिसतात, जीभ जड होते. १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात डोस तोच असताना एकामागून एक रुग्ण असे झोकांड्या खाऊ लागले. कॅप्सूलमध्ये भर म्हणून असलेलं कॅल्शियम सल्फेट काढून लॅक्टोज घातलं होतं, एवढंच. त्यामुळे औषध जास्त शोषलं जात होतं. ‘दुसऱ्या कंपनीची देऊ का?’ या काउंटरवरच्या प्रश्नाला डॉक्टर का बिचकतात, ते यावरून कळावं.

कार्बामाझेपिन या फिटच्याच आणखी एका औषधाने क्वचित अंगाची सालं निघावीत असं पुरळ उठतं. त्यामागचा एक जनुकीय धागा २००४ मध्ये तैवानमध्ये सापडला.

व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध १९६७ मध्ये फ्रान्समध्ये विक्रीला आलं. गरोदर बाईने ते घेतलं तर गर्भाच्या मणक्यात दोष राहू शकतो हे तिथल्याच लिओं शहरातून १९८२ मध्ये पुढे आलं, तोवर पंधरा वर्षं गेली होती. बाळाच्या मज्जारज्जूची नळी पहिल्या चारेक आठवड्यांत मिटते, बाईला दिवस गेल्याचं नीट कळायच्या आत. इथे सोलापुरात विडी वळणाऱ्या घरातली मुलगी लग्न ठरताना आजारच लपवते, कारण घरचे लपवायला लावतात. वारंवार फिट येत असतील तर लग्नाला आडवी येणारी हिंदू विवाह कायद्यातली अट १९९९ मध्ये निघाली, घरातली नाही. मग ती डॉक्टरांकडे येते गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात, आणि तेव्हा गोळी एकदम थांबवणं आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचं असतं. औषध बदलायचं तर ते लग्नाआधीच बोलायला हवं होतं.