खापराच्या पिशवीवर थर आणि खोली दोन्ही का लिहितात?

खानदेशात तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे येथे १९५५ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळापासून (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरायचा काळ) मध्ययुगापर्यंत चार कालखंडांची वस्ती तिथे एकावर एक बसलेली निघाली. अशी पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, पाहिली की 'जितकं खोल तितकं जुनं' असं वाटू लागतं. ते अर्धंच खरं आहे.

खोली म्हणजे नुसतं माप. चराच्या कोपऱ्यात पक्की खुंटी ठोकायची, तिच्यापासून सुतळी ताणून पाणसळीने सपाटी बघायची आणि सुतळीपासून ओळंबा सोडून टेपने मोजायचं. टेकाडाचा उतार सारखा नसतो, म्हणून पायाखालच्या जमिनीपासून मोजलेली खोली कामाची नाही. पाच मीटरची सुतळी मध्ये झोळ खाते, तेवढा फरक मापात येतो.

थर म्हणजे एकाच घडामोडीत साचलेली माती. सारवलेली जमीन, चुलीची राख, पडलेल्या भिंतीचा चिखल, पुराचा गाळ, प्रत्येकाचा थर वेगळा. तो मापाने सापडत नाही. गवंड्याच्या करणीने छेद, म्हणजे चराची उभी बाजू, खरवडायचा, हलकं पाणी शिंपडायचं, मग रंग, घट्टपणा, त्यातली राख-खडी बघायची. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात थर दिसत नाहीत. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन बरं. थरांना वरून खाली क्रमांक द्यायचे.

घोळ होतो तो खड्ड्यांपाशी. समजा, मध्ययुगातल्या कुणी धान्याचं पेव खणलं आणि ते २.४० मीटरपर्यंत गेलं. त्यात २.२० मीटरवर काचेची बांगडी मिळाली. शेजारी, पेवाबाहेर, २.१० मीटरवर लाल अंगावर काळी नक्षी असलेलं, ताम्रपाषाण काळातलं जोर्वे खापर आहे. नुसती खोली बघाल तर बांगडी जोर्वेहून जुनी ठरेल! खड्ड्याचा काळ त्याच्या तळावरून नव्हे, तोंड कोणत्या थरातून उघडतं त्यावरून ठरतो. ताम्रपाषाण लोक लहान मुलांची दफनं घरातल्या जमिनीखालीच कुंभात करत. कुंभ खालच्या, जुन्या थरात दिसतो, पण तो वरच्या जमिनीचा असतो. म्हणून खड्डा दिसताच आधी तो वेगळा रिकामा करायचा, त्याची पिशवी वेगळी, मगच भोवतालचा थर.

खानदेशात आणखी एक भानगड आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि मणी, नाणी त्या भेगांतून खाली जातात. उंदरांची बिळं तेच करतात. थराशी न जुळणारी एखादीच बारीक वस्तू मिळाली तर आधी भेग किंवा बीळ शोधावं, नवा सिद्धांत मांडण्याची घाई नको.

मग दहा-दहा सेंटिमीटरचे टप्पे पाडून खणतात ते कशाला? एकाच जातीचा थर जाड असेल तर त्याच्या आत टप्पे पाडणं योग्य. तिरप्या थरांवर मात्र सपाट टप्पे चालवले तर एकाच घमेल्यात दोन-तीन काळ मिसळतात, आणि चाळणी ते वेगळे करू शकत नाही.

पिशवीत एक चिठ्ठी, बाहेर एक: स्थळ, चर, थर किंवा खड्डा, खोली, तारीख. खापरं मऊ ब्रशने धुवायची, सावलीत वाळवायची, आतल्या बाजूला क्रमांक टाकायचा. धुताना ढीग एकत्र झाले की छेदातली सगळी मेहनत वाया, त्यामुळे चिठ्ठी खापरासोबतच वाळवणीवर फिरते. तांब्याच्या वस्तू आणि कोळसा धुवायचा नाही. कोळसा हाताने न उचलता चिमट्याने ॲल्युमिनियमच्या कागदात बांधायचा.

चिठ्ठीवर खोली राहून गेली तर थरावरून काम भागतं. थर राहून गेला तर वस्तूची चरातली जागा आणि खोली छेदाच्या आराखड्यावर मांडून तो काढता येतो, पण वस्तू छेदाजवळची असेल तरच. चराच्या मधोमध मिळालेल्या वस्तूसाठी तो रस्ताही बंद.